उष्टा ठोकळा

डोंगरकड्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघर आणि काकांचं सुतारकामाचं शेड यांच्यामध्ये फक्त एक पत्रा होता. पत्र्याच्या अलीकडे चूल, पलीकडे कटर मशीन. लोखंडी मेज, मेजाच्या मधोमध फट, आणि फटीतून वर आलेलं गोल दातेरी पातं. मोटार चालू झाली की आमच्या फडताळातल्या कपबशा थरथरायच्या. पातं रिकामं फिरत असताना त्याचा आवाज बारीक, किनरा असे. लाकूड लागलं की तो एकदम जाड होई आणि लाकूड संपलं की पुन्हा किनरा. जाड आवाजाच्या शेवटाला काकांचा हात पात्याच्या अगदी जवळ असतो, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. तेव्हापासून आवाज जाड झाला की माझा भाकरी थापणारा हात थांबायचा आणि किनरा झाला की पुन्हा चालू व्हायचा. मावशी म्हणायची, "तुझी भाकरी मधेच जाड, मधेच पातळ काहून होती गं?" मी म्हणायचे, पीठ विरी गेलंय, चिकटपणाच उरला नाही. पिठावर तेव्हा मी पुष्कळ काही ढकललं.

मी मूळची गुहागरकडची. आमच्याकडे सातवीच्या पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि तरीत बसलं की मला भोवळ यायची. म्हणून माझं शिक्षण सातवीला थांबलं. घरात याला कुणी दुसरं कारण दिलं नाही, मीही देत नाही. मावशीला मूलबाळ नव्हतं. काका उमेदीत एका सरकारी बंगल्याच्या कामाला कोकणात आले होते आणि परत जाताना मावशीला बायको करून घेऊन गेले होते. तिची मनगटं धरली तेव्हा तिनं निरोप धाडला, की एक पोरगी पाठवा, मला भाकरी थापवत नाही. आम्ही पाच बहिणी. त्यातली मी पाठवायला सोयीची होते. वडील मला एसटीनं घेऊन आले, डोंगरकड्याला चहा प्यायले, शेडमधलं सागवान हातानं दाबून पाहिलं, चांगलं आहे म्हणाले आणि मिळेल त्या गाडीनं परत गेले. मला त्यांनी कुठल्या सूचना केल्या नाहीत. फक्त गाडीत चढताना म्हणाले, "यांना जड होऊ नकोस."

हे वाक्य मी फार मनावर घेतलं. आम्ही भात खाणारी माणसं, ज्वारीचं पीठ मी तोवर हातात धरलं नव्हतं. माझी पहिली भाकरी तव्यावर पडली ती तीन बाजूंनी फाटून. आता मला परत पाठवणार, असं धरून मी ती काकांच्या ताटात वाढली. त्यांनी ती उचलून उजेडात धरली. "हे कोकण हाय व्हय?" ते म्हणाले. "मंग यात समिंदर कोन्या बाजूला हाय?" आणि येसराच्या आमटीत कुस्करून सगळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता माझ्या उंचीला एक खुंटी ठोकून दिली, माझी परकर-पोलकी टांगायला. त्या खुंटीकडे बघून मी रोज ठरवायचे, की या घराचं काही म्हणून बिघडू द्यायचं नाही. आणि या घरात बिघडण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे काकांची बोटं. ती होती म्हणून चूल पेटायची, आणि मी त्या चुलीपुढे बसायचे.

मी आले तेव्हा काकांना साडेआठ बोटं होती. डाव्या करंगळीचा अर्धा तुकडा आणि तिच्या शेजारचं अख्खं बोट कटरनं नेलं होतं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उरलेली अर्धी करंगळी ते माप म्हणून वापरत. चौकटीचा सांधा किती खोल, तर अर्ध्या करंगळीइतका. "माज्या बापाचं एक गेलं, माजं दीड गेलं," ते गिऱ्हाइकाला सांगत. "धंद्यात बरकत हाय." गिऱ्हाईक मान डोलवी. जाडजूड फळी कापायला धोका नसतो, हात लांब राहतो. काकांकडे काम यायचं ते देव्हाऱ्यांचं, आणि देव्हाऱ्याच्या जाळीला लागतात बोटभर रुंदीच्या पट्ट्या. पट्टी कापताना शेवटी ती ढकलायला हात थेट पात्याशी न्यावा लागतो. लाकूड बोटभर आणि त्याच्यामागे बोटच.

यावर काय करावं हे मला मशीनपाशी सुचलं नाही, किसणीपाशी सुचलं. मावशीनं साखरआंब्याला कैऱ्या किसायला दिल्या होत्या. आमच्या घरी कैरी किसताना शेवटचा तुकडा उरला की आई त्यावर नारळाची करवंटी पालथी दाबायची आणि करवंटीनं किस पाडायची. किसली तर करवंटी किसली जाई. डोंगरकड्याला करवंट्या कुठल्या. मी शेवटचा तुकडा बोटांनी दाबला आणि कैरीबरोबर थोडी मीही साखरआंब्यात गेले. बोट तोंडात धरून बसले असताना पत्र्यापलीकडे आवाज जाड झाला. तेव्हा मनात आलं, की मशीनला करवंटी पाहिजे.

आता मशीनबरोबर पिवळे प्लास्टिकचे ठोकळे फुकट येतात. सेनगावच्या दुकानात मी ते पाहिलेत, दिसायला सुबक असतात आणि सहसा पिशवीतून बाहेर निघत नाहीत. तेव्हा असलं काही नव्हतं, किंवा असेल तर डोंगरकड्यापर्यंत आलेलं नव्हतं. मी काकांकडे सागवानाचा एक रद्दी तुकडा मागितला. कशाला, ते विचारलं नाही त्यांनी. त्यांना वाटलं पाट करतेय. दुपारी काम नसलं की मला पटाशी कशी धरायची ते शिकवायचे, तेवढी विद्या माझ्याकडे होती. मी खाली सपाट आणि वर करवंटीसारखा घुमटी असा ठोकळा केला, तळव्यात बसेल असा. मागच्या बाजूला खाली एक टाच ठेवली, पट्टीच्या शेपटाला अडकायला. म्हणजे ठोकळा पट्टीवर ठेवायचा, वरून दाबायचा, पुढे ढकलायचा. पातं पट्टी कापता कापता ठोकळ्याच्या पोटातून जाणार आणि हात घुमटावर, वर, सुरक्षित. ठोकळा हा कापला जाण्यासाठीच असतो, हे यातलं मुख्य.

पहिल्या ठोकळ्याची टाच मी खिळ्यांनी ठोकली होती. काकांनी तो हातात घेतला, उलटा केला, खिळे पाहिले आणि दारातून बाहेर फेकला. "पात्याला खिळा लागला तं पातं फुटून तुज्या मावशीच्या वरणात जाईन," ते म्हणाले. मग शांतपणे म्हणाले, "बाकी बराबर हाय." दुसऱ्याला मी लाकडी खुंट्या आणि सरस वापरला. सरस चुलीवर गरम करायचा नाही, चुलीला वास लागतो, अशी मावशीची ताकीद होती. म्हणून शेडच्या मागे तीन विटा मांडल्या. तळ लाकडावर घसरत होता, त्याला रबर पाहिजे होतं. काकांच्या जुन्या चपलेचा तळ कापून चिकटवला. इतका छान बसला की मी स्वतःवर खूश झाले. काकांनी तो पाहिला आणि कानाला हात लावले.

"मशीनवर चप्पल?"

"जुनी आहे काका. धुतलीय."

"लक्ष्मी हाय ती, शालू! लक्ष्मीच्या अंगावर चप्पल ठेवू? न्हाई न्हाई माय. उतरव."

चप्पल उतरवली. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणून लावला. ट्यूब चालली. ट्यूबही रस्त्यावरच फिरते, पण ती चाकाच्या आत असते, असा काकांनी निवाडा दिला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी ठोकळ्यानं पट्टी ढकलली. आवाज जाड झाला, किनरा झाला. काकांनी ठोकळा उलटा करून पोटातली चीर पाहिली. "जमून राहिलं," म्हणाले. मी चुलीपाशी परत आले आणि त्या दुपारच्या भाकरी सगळ्या एकसारख्या झाल्या. मावशीनं विचारलं, "आज पीठ बरं व्हतं व्हय?"

काकांना सवय लागावी म्हणून दसऱ्याच्या तोंडावर मी एक नवाकोरा ठोकळा केला. आधीच्यापेक्षा देखणा. घुमट कानशीनं घासून तुळतुळीत केला, जवसाचं तेल पाजलं. दसऱ्याला शेड झाडून सगळी हत्यारं पाटावर मांडतात, तशी मांडली. पटाशा, करवती, वाकस, आणि माझा ठोकळा. मावशीनं पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. ठोकळ्याला तिनं जरा जास्तच कुंकू लावलं, माझ्या हातचा म्हणून. मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी काकांनी मशीन चालू केली, ठोकळा उचलला, पात्याकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं आणि कोनाड्यात नेऊन ठेवला. मग हातानंच पट्टी ढकलू लागले.

मी पत्र्याच्या कडेनं डोकावले. "काका, ठोकळा?"

"त्येला कुंकू लागलं."

"मग?"

"मंग काय मंग? पुजलेलं कापू काय?"

मी म्हटलं, करवतीलाही कुंकू लावलंय, तिच्यानं कापताच की. ते म्हणाले, करवत कापती, हा कापला जातो. फरक हाय का न्हाई? फरक होता. जुना ठोकळा तोवर पोटात चिरून चिरून शेणीसारखा ठिसूळ झाला होता, तो मावशीनं पाणी तापवायला जाळला. मी आणखी एक केला. मावशीनं शुक्रवारी देवपूजा करताना त्याला कुंकू लावलं. मी म्हटलं, "मावशी, याला नको ना लावूस." ती कुंकवाचं बोट तसंच धरून म्हणाली, "हत्याराला कुंकू न्हाई लावायचं? अन त्यांचा हात कापला म्हंजे?" ती काकांच्या हातासाठी कुंकू लावत होती, मी काकांच्या हातासाठी ठोकळा करत होते, आणि आम्ही दोघींनी मिळून काकांचा हात उघडा पाडला होता.

कोनाड्यात आता दोन ठोकळे झाले. तेलानं चकाकणारे घुमट, वर कुंकवाचा थर, शेजारी वाळलेला झेंडू. आमच्या भागात देवीचा तांदळा असतो, नुसता शेंदूर माखलेला गोल दगड, नाकडोळे नसलेला. तर ते दोन ठोकळे शेडमधल्या अंधारात अगदी तसेच दिसत. हिंगोलीहून कचेरीतले कुलकर्णी आले होते, निवृत्तीनंतर घरी मोठा देव्हारा करायचा म्हणून. लाकूड बघता बघता त्यांची नजर कोनाड्याकडे गेली. त्यांनी चपला काढल्या, पुढे होऊन हात जोडले.

"ही कुठली देवी हो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोटारीच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"इथलीच," काका म्हणाले.

"जोड दिसतेय. जागृत आहे?"

"आता बगू," काका म्हणाले.

कुलकर्ण्यांनी बाहेरच्या झाडाचं एक फूल तोडून आणून वाहिलं. देव्हाऱ्याला चारी बाजूंनी बारीक जाळी पाहिजे, असंही सांगितलं. चारी बाजूंनी जाळी म्हणजे पट्ट्याच पट्ट्या. ते गेल्यावर मी काकांना म्हटलं, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? काका म्हणाले, "त्यानं हात जोडल्यावर सांगू? त्याचा अपमान, अन देवीचाबी."

जाळीचं काम चालू झालं. मावशी धपाटे करत होती, मी पीठ मळत होते. आवाज जाड, किनरा. जाड, किनरा. मग एकदा तो जाड झाला आणि तिथेच अडकला, घशात घास अडकतो तसा. लगेच काहीतरी पत्र्यावर आपटलं, आमच्या बाजूनं पत्र्याला पोचा आला आणि कपबशी खाली पडून फुटली. मी पिठाच्या हातानं धावले. मशीन फिरत होती. काका उजवा हात डाव्या हातात धरून उभे होते आणि पट्टी उलटी उडून कोपऱ्यात पडली होती. मशीन बंद करायचं बटण कुठे आहे ते मला माहीत होतं, तेवढं मी दाबलं. पातं थांबायला फार वेळ लागतो. ते थांबलं तेव्हा काकांनी हात उघडून दाखवला. अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख टोकाशी तिरकं, सफाईनं उडालं होतं. त्याखाली थोडं रक्त.

"नखच हाय," काका म्हणाले. "वाढतंय."

मावशीनं हळद दाबली आणि मग काकांना बसवून कोनाड्यातल्या ठोकळ्यांपुढं उदबत्ती लावली, देवीनं वाचवलं म्हणून. ज्या वस्तूनं वाचवायचं ती वस्तू कोनाड्यात बसून उदबत्ती घेत होती.

त्या दिवसानंतर मला जेवण जाईना. मी विचार करायचे तो असा. चपलेचा तळ लावला तर मावशी कुंकू लावणार नाही, पण काका मशीनवर ठेवणार नाहीत. ट्यूबचा लावला तर काका मशीनवर ठेवतील, पण मावशी कुंकू लावणार. मशीनला चालेल इतका शुद्ध आणि देवाला चालणार नाही इतका अशुद्ध, असा ठोकळा पाहिजे होता. असं काही जगात असतं का, हे विचारायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. शाळा सुटल्याचं तेवढ्यापुरतं वाईट वाटलं, पण हे आठवीत शिकवत असतील असं आता वाटत नाही.

कुलकर्ण्यांचा देव्हारा पुरा व्हायच्या आधी एक सण आला. मावशीनं पुरणाच्या पोळ्या केल्या. नैवेद्याचं पान वाढून ती पाणी आणायला वळली तेवढ्यात शेजारचं रांगतं लेकरू आलं आणि त्यानं पानातली पोळी उचलून चावली. मावशी रागावली नाही. पोळी लेकराच्याच हातात राहू दिली. "खा आता तूच," म्हणाली. "उष्टी झाली, आता ती देवाची न्हाई." आणि नवीन पान वाढलं. लेकरू पोळी चोखत बसलं. मी त्या पोळीकडे बघत राहिले. उष्टी पोळी देवाला चालत नाही, पण माणसाला चालते. घरात आपण एकमेकांचं उष्टं खातोच की.

तिसऱ्या दिवशी मी नवा ठोकळा घेऊन शेडमध्ये गेले. सरस नुकता वाळला होता. "काका, आधी यालाच कापा."

"पट्टी न ठेवता?"

"नुसता. पोटाला पात्याचा एक चावा बसू द्या."

"नवाकोरा ठोकळा उगीच कापू? डोकं ठिकाणावर हाय का पोरी?"

"उष्टा करा त्याला," मी म्हटलं. "म्हणजे मावशी कुंकू लावणार नाही."

काकांनी पत्र्याकडे पाहिलं, पलीकडे मावशी लसूण कुटत होती. आवाज न करता हसायचं असलं की हलवत तसे त्यांनी खांदे हलवले आणि मोटार चालू केली. घुमटावर तळवा ठेवून ठोकळा पात्यावरून नेला. आवाज क्षणभर जाड होऊन किनरा झाला. पोटात एक चीर पडली. काकांनी तो फुंकर मारून माझ्या हातात दिला. "घे. खाल्ला."

शुक्रवारी मावशी हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन शेडमध्ये आली. मी पत्र्याआड उभी होते. तिनं मशीनला कुंकू लावलं, करवतीला लावलं, मग ठोकळा उचलून उलटा केला, चीर पाहिली, बोट फिरवलं. "हे तं उष्टं हाय," ती स्वतःशी म्हणाली आणि ठोकळा होता तिथं ठेवून दिला. मला वाटतं तिला सगळं कळलं होतं. कारण जाताना तिनं मोठ्यानं म्हटलं, "शालू, भाकरी करपतीय," आणि चुलीवर भाकरी नव्हती.

ठोकळा कामाचा आहे हे सिद्ध व्हायला पावसाळा उजाडला. लाकूड ओलसर होतं, पट्टीनं मध्येच पातं आवळलं. आवाज जाड झाला आणि अडकला, अगदी त्या दिवशीसारखा. मी उठले आणि चुलीपाशीच उभी राहिले. मग मोटार बंद झाल्याचा आवाज आला. काका पत्र्याच्या कडेनं आत आले. हातात ठोकळा होता, त्याचं पुढचं टोक दातांनी तोडल्यासारखं गेलं होतं. दुसरा हात त्यांनी मुद्दाम माझ्यासमोर धरला, बोटं पसरून, आम्ही भाकरी थापायला धरतो तसा.

"जेवला त्यो," ते म्हणाले. "दुसरा दे."

एवढंच म्हणाले. मी दुसरा दिला, तो आधीच उष्टा करून ठेवलेला होता. त्यानंतर माझी खुंटी कुणी काढेल अशी भीती मला फारशी वाटली नाही. थोडी वाटायची. अजूनही कुठे पाहुणी गेले तर पहिल्या दिवशी भांडी घासून टाकते, ते आता जायचं नाही.

मी कोकणात परत गेले नाही. पुढं लग्न इथलंच झालं, सासर इथल्याच पेठेत. ठोकळे मात्र मी अजून करते. सेनगावचे, साखऱ्याचे सुतार येऊन घेऊन जातात. नवीन पोरं तक्रार करतात, की बाई, नवीन मालाला आधीच चीर कशी? मी सांगते, तसाच असतो तो. आजही नवा ठोकळा पात्यावरून एकदा फिरवल्याशिवाय मी दाराबाहेर देत नाही. कुलकर्ण्यांचा देव्हारा हिंगोलीत अजून आहे म्हणतात, आणि त्याच्या खालच्या कप्प्यात डोंगरकड्याच्या देवीची जोड आहे. काकांनी ती त्यांना देऊन टाकली होती. कोनाडा रिकामा पाहिजे होता.

काका पिकल्या वयात गेले, झोपेत. आंघोळ घालताना मावशीनं त्यांचे हात धुवायला मला बोलावलं. मी बोटांच्या सांध्यांतला लाकडाचा भुसा काढत होते, तो सुताराच्या हातातून शेवटपर्यंत निघत नाही. डाव्या हाताची साडेतीन, उजव्याची पाच. मी आले त्या दिवशी होती तेवढीच. जमलेल्या माणसांत कुणाला त्यात काही विशेष दिसलं नाही. दिसू नये म्हणूनच तर तो सगळा उद्योग होता.